अठराला तीन महिने कमी: पहिल्या नोकरीचं एक प्रकरण

पुण्यात धनकवडीला राहणारी मुलगी. बारावी कॉमर्सची परीक्षा मार्चच्या मध्यात संपली. वडील रिक्षा चालवतात, आई घरी ब्लाउज शिवते. जुलैत बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची फी भरायची आणि टॅलीचा क्लास लावायचा, म्हणून तोवर हातात 20,000 रुपये हवेत, असं घरात ठरलं. दहावीचं प्रमाणपत्र आहे, एमएस-सीआयटी झालंय, मराठी टायपिंग बऱ्यापैकी येतं. वाढदिवस 28 जूनला. म्हणजे शोध सुरू झाला तेव्हा अठरा पूर्ण व्हायला तीन महिने आणि काही दिवस बाकी होते. सगळं प्रकरण या तीन महिन्यांभोवती फिरतं. मुलगी प्रातिनिधिक आहे. कायदे, कागद आणि बाजारातल्या अडचणी मात्र जशा आहेत तशाच मांडल्या आहेत.

पहिले दोन आठवडे वाया गेले. तिने नेहमीच्या वाटेने शोध घेतला: मोबाइलवर नोकरीचं अ‍ॅप, मॉलमधली कपड्यांची दुकानं, कॉफीची साखळी दुकानं, कॉल सेंटर. अ‍ॅपने जन्मतारीख टाकताच अर्ज अडवला. कपड्यांच्या दुकानात बाई चांगलं बोलल्या, आधार बघितलं आणि "अठरा झाल्यावर ये" म्हणाल्या. कॉफीवाल्यांना रात्री दुकान बंद करायला माणूस हवा होता. कॉल सेंटरला रात्रपाळी. घरपोच सामान पोचवण्याच्या कामाला गिअरच्या गाडीचा किंवा मोठ्या स्कूटरचा परवाना लागतो आणि तो अठराच्या आत निघत नाही. सोळाव्या वर्षी मिळतो तो फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. घरी मात्र अर्थ असा काढला गेला की पोरीला इंग्रजी येत नाही म्हणून नकार येतायत. लगेच इंग्रजी संभाषणाचा 6,000 रुपयांचा क्लास लावायची चर्चा सुरू झाली. तो खर्च टळला हे बरं झालं, कारण नकारांचं कारण इंग्रजी नव्हतंच.

कारण आहे बाल आणि किशोरवयीन कामगारांचा 1986 चा कायदा, 2016 च्या दुरुस्तीसह. चौदाच्या आत नोकरी नाही. चौदा ते अठरा हे वय किशोरवयीन. या वयात खाणी, ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थ आणि कारखाने कायद्यातल्या धोकादायक प्रक्रिया वर्ज्य. बाकी ठिकाणी काम करता येतं. एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. घड्याळाचा भाग ठाऊक नसतो. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर किमान एक तास विश्रांती. विश्रांती धरून सगळा पसारा सहा तासांत बसायला हवा. संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही. ओव्हरटाइम नाही. एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही. आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. शिवाय मालकाने किशोरवयीन मुलगा-मुलगी कामावर ठेवली की तशी नोटीस निरीक्षकाकडे पाठवायची आणि जन्मतारीख, कामाचे तास व विश्रांतीची वेळ लिहिलेलं रजिस्टर ठेवायचं.

हे वाचलं की मोठी दुकानं "अठरा पूर्ण" का लिहितात ते कळतं. त्यांची पाळी आठ-नऊ तासांची आणि गर्दी संध्याकाळी सातनंतरची. सतरा वर्षांची मुलगी त्या पाळीत बसत नाही, आणि तिच्यासाठी वेगळं रजिस्टर ठेवण्याचा व्याप कोणी अंगावर घेत नाही. म्हणून शोधाचा प्रश्नच बदलावा लागतो. "मला काय येतं?" हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, की सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळात पाच तासांचं खरं काम कोणाकडे असतं?

याचं उत्तर सापडायच्या आधी या प्रकरणात एक वळण आलं, ते सविस्तर सांगायला हवं. दोन आठवडे नकार ऐकलेल्या मुलांना हे हमखास गाठतं. मोबाइलवर संदेश आला: घरबसल्या डेटा एन्ट्री, दिवसाला 40 पानं, महिन्याला 18,000 रुपये, नोंदणी 1,500. आधारचा फोटो मागितला, ऑनलाइन करारावर सही मागितली. अशा धंद्यातली कमाई नोंदणीच्या पैशावर थांबत नाही. करारात लिहिलेलं असतं की 90 टक्क्यांवर अचूकता हवी. मुलगी आठवडाभर रात्रंदिवस टाइप करते, ते सांगतात अचूकता 82 टक्के आली. मग "करारभंग" म्हणून पाच-सहा हजारांची मागणी, वकिलाच्या लेटरहेडवर नोटीस, "कोर्टात केस पडली, घरी पोलीस येतील" असे फोन. घाबरून आईबाप पैसे भरतात.

इथे वय मुलीच्या बाजूने उभं राहतं. भारतीय करार कायदा 1872 प्रमाणे अठराच्या आतल्या व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य असतो. ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1903 साली मोहोरीबीबी खटल्यात हे स्पष्ट केलं आणि आजही तेच प्रमाण मानतात. तेव्हा अशा "करारभंगाला" काही अर्थ नाही. नंबर ब्लॉक करायचा, संदेशांचे स्क्रीनशॉट ठेवायचे, पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर फोन करायचा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. याच टोळ्यांचा दुसरा प्रकार जास्त घातक: "तुझं बँक खातं वापरायला दे, दर व्यवहारामागे कमिशन." त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात आणि तपास खातेदाराच्या दारात येतो. तिथे "मला माहीत नव्हतं" हे पटवून देताना नाकी नऊ येतात.

आपल्या मुलीने 1,500 रुपये भरले नाहीत, पण आधारचा फोटो पाठवून बसली होती. त्यामुळे आधी कागदांकडे वळावं लागलं, आणि तिथे वेगळाच गुंता निघाला.

आधारला वडिलांचा जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला. ओटीपी येत नाही म्हणून काहीच पुढे सरकत नव्हतं. पंधराव्या वर्षानंतर बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे स्कॅन नव्याने द्यावे लागतात, तेही राहिलेलं. पंधरा ते सतरा या वयात हे अद्ययावत करणं मोफत असतं; ते न केल्यास पुढे बँकेत किंवा सिमकार्डाच्या दुकानात ठसा जुळत नाही आणि मशीनला दोष देत माणूस चकरा मारतो. तिसरी गोष्ट, दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. हा फरक सहसा चालतो. मात्र स्पेलिंगमध्ये एका अक्षराचाही फरक असेल तर तो आत्ताच दुरुस्त करून घ्यावा, कारण पुढे पीएफच्या नोंदीत तोच नडतो.

कामांचा क्रम महत्त्वाचा. आधी आधार केंद्रावर नंबर आणि बायोमेट्रिक एकाच फेरीत. मग डिजिलॉकरमध्ये दहावीची गुणपत्रिका. बँकेत शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेलं पालकांसोबतचं खातं होतं, ते चालू असल्याची खात्री. अठरा झाल्यावर बँक नव्याने केवायसी आणि सही मागते. ती दिली नाही तर खात्यातले व्यवहार अडतात आणि नेमका तेव्हा पगार जमा व्हायचा असतो. पॅनकार्डाची घाई करू नये, असं आमचं मत. अठराच्या आतही पॅन निघतं, पण त्यावर फोटो आणि सही नसते, अठरा झाल्यावर पुन्हा अर्ज करावा लागतो. 28 जूननंतर आधारवरून ई-पॅन फुकट आणि लगेच मिळतं. सात-आठ हजारांच्या हंगामी पगाराला तोवर पॅनवाचून अडत नाही.

देताना झेरॉक्स द्यायची, मूळ कागद कधीच नाही. "मूळ दाखला आमच्याकडे जमा ठेवा" म्हणणारा मालक पुढे पगार अडवणार, हे गृहीत धरावं. शाळा सोडल्याचा दाखला तर जूनमध्ये कॉलेजलाच लागतो. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून "फक्त अमुक दुकानातील कामासाठी" आणि तारीख लिहायची. आधारची प्रत द्यायची तर शेवटचे चारच अंक दिसणारी.

आता घड्याळाचा प्रश्न. दिवसाच्या मधल्या वेळात काम असणाऱ्या जागा पुण्यात पुष्कळ आहेत: कर सल्लागारांची कार्यालयं, घाऊक औषधवाले, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मची दुकानं, शालेय पुस्तकांची दुकानं. घाऊक औषधवाल्यांकडे खोकी उचलणं आणि गाडी चालवणं आलं. कर सल्लागारांची घाई जुलैत. राहिला अप्पा बळवंत चौक. तिथल्या पुस्तकांच्या बाजाराला उन्हाळ्यात दोन लाटा येतात. सीबीएसई शाळा एप्रिलच्या सुरुवातीला भरतात, म्हणून पहिली लाट मार्चअखेर ते एप्रिल. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यात उघडतात, म्हणून दुसरी आणि मोठी लाट मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनअखेरपर्यंत. दोन्हींच्या मधे, एप्रिलच्या मध्यात, मालकाला बोलायला वेळ असतो आणि जूनची काळजीही लागलेली असते. विचारायला जायचं ते तेव्हा. जूनमध्ये गेलात तर काउंटरवर चार रांगा असतात, कोणी मान वर करत नाही.

वेळही ठरलेली: कामाच्या दिवशी सकाळी अकरा ते बारा. मालक गल्ल्यावर बसलेला असतो, गिऱ्हाईक तुरळक. बायोडेटा चार पानांचा नको. एका पानावर नाव, शिक्षण, एमएस-सीआयटी, कुठून येणार, कोणत्या वेळेत येऊ शकते, पालकांचा नंबर. खरं सांगायचं तर दुकानदार तो वाचत नाही, टाचणी लावून ठेवून देतो. नंबर सापडायला उपयोगी पडतो इतकंच. काम होतं ते पहिल्या चार वाक्यांत. ती वाक्यं अशी होती:

"काका, नमस्कार. मी बारावी कॉमर्सची परीक्षा दिलीय, एमएस-सीआयटी झालंय. जूनअखेरपर्यंत रोज येऊ शकते. मला 28 जूनला अठरा पूर्ण होतील, म्हणून तोवर सातनंतर थांबता येणार नाही, पण सकाळी साडेनऊला येऊन शाळांचे संच लावून ठेवीन."

"अगं, गिऱ्हाईक येतं ते सहानंतर. दिवसा तू काय करणार?"

"संध्याकाळी तुमच्या माणसांना यादी हातात घेऊन एकेक वही शोधावी लागते ना? मी दुपारीच पिशव्या भरून ठेवते. त्यांनी फक्त उचलून द्यायची."

वय लपवलं नाही, उलट अडचणीसोबत तोडगाही मांडला. बहुतेक मुलं इथे "काहीही काम करेन" म्हणतात. मालकाच्या दृष्टीने ते काहीच न सांगितल्यासारखं आहे.

मालक म्हणाले, "दोन दिवस ये, बघू." हे "बघू" फुकटात काम करून घेण्याचंही असू शकतं. तिथल्या तिथे, हसत विचारायचं: "काका, त्या दोन दिवसांचे कसे धरायचे?" प्रामाणिक मालक आकडा सांगतो. टाळाटाळ झाली तर पुढच्या दुकानाची पायरी चढावी.

पगाराची बोलणी 6,000 वर सुरू झाली. अशा वेळी हातात एक आकडा असावा. राज्य सरकार दुकानं व आस्थापनांसाठी किमान वेतन परिमंडळ आणि कौशल्याप्रमाणे ठरवतं, आणि त्यातला विशेष भत्ता जानेवारी व जुलैत बदलतो. चालू दर बघायचा, त्याला 26 ने भागायचं, मग 8 ने. समजा महिन्याचा दर 13,000 निघाला, तर दिवसाचे 500, तासाचे 62 रुपये 50 पैसे, पाच तासांचे 312 रुपये 50 पैसे. 26 दिवसांचे 8,125. हा हिशेब मालकापुढे कायद्याचं पुस्तक म्हणून आपटायचा नाही. "ताशी साठच्या आसपास पडलं तर बरं होईल" एवढं म्हणायचं. 7,500 वर जमलं. आमच्या मते अजून थोडं ताणायला जागा होती, पण पहिल्या नोकरीत मुलीला ते अवघड गेलं.

त्याहून महत्त्वाचं बोलणं खाड्याचं. महिना 26 दिवसांचा की 30 चा? 7,500 ला 26 ने भागलं तर रोज 288 रुपये, 30 ने भागलं तर 250. महिन्याच्या मध्यात रुजू झालं आणि 13 दिवस भरले तर एका हिशेबाने 3,750 मिळतात, दुसऱ्याने 3,250. काही ठिकाणी कामाचे दिवस 30 ने मोजतात आणि खाडा 26 ने कापतात. हे आधी विचारलं तर मालकाला राग येत नाही. पगाराच्या दिवशी विचारलं तर येतो.

नियुक्तिपत्र मागायची ही जागा नव्हे, पाच-सहा माणसांचं दुकान. त्याऐवजी त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश: "काका, ठरल्याप्रमाणे सोमवारपासून येते. वेळ 9.30 ते 12.30 आणि 1.30 ते 3.30. पगार 7,500, महिना 26 दिवसांचा, आठवड्याला एक सुट्टी, पगार 7 तारखेपर्यंत. बरोबर ना?" उत्तराला नुसता अंगठा आला तरी पुरे. या वेळापत्रकात तीन तास काम, तास विश्रांती, दोन तास काम, असा सहा तासांचा पसारा नेमका बसतो.

काम काय होतं ते सांगायला हवं, कारण "दुकानात काम" म्हटलं की विकणंच डोळ्यापुढे येतं. प्रत्येक शाळेची, प्रत्येक इयत्तेची यादी वेगळी. पुस्तकं एक भाग. खरी भानगड वह्यांची. एकरेघी, दुरेघी, चाररेघी, चौकटीची, 100 पानी, 200 पानी, मोठ्या आकाराची. संचात एक वही चुकली की पालक संध्याकाळच्या गर्दीत परत येतो आणि काउंटर अडतो. पहिल्या आठवड्यात तेच झालं: दुसरीच्या 20 संचांत चाररेघीऐवजी दुरेघी वह्या गेल्या, कारण गठ्ठ्यावरचं वेष्टन न फाडता तिने वरच्या लेबलवर विश्वास ठेवला होता. मग पद्धत बसवली. यादीची झेरॉक्स प्रत्येक पिशवीत, वस्तू टाकली की टिक, नसलेल्या वस्तूंची "बाकी" म्हणून वेगळी चिठ्ठी पिशवीच्या तोंडाशी स्टेपल. एका वेळी एकच शाळा, एकच इयत्ता. दहा पिशव्या झाल्या की त्यातली एक रिकामी करून मोजायची. पोटमाळ्यावरून गठ्ठे खाली आणायचं काम मात्र तिने पहिल्या दिवसापासून दुसऱ्या माणसावर सोपवलं, आणि ते योग्यच. शिडीवरून वह्यांचा गठ्ठा घेऊन उतरताना माणसं पडतात.

गल्ल्याला हात लावायची वेळ दुपारी यायची, मालक जेवायला गेले की. त्याबद्दल दोन गोष्टी. गल्ला हाती घेताना आणि सोडताना रक्कम दोघांसमोर मोजून वहीत लिहायची, नाहीतर संध्याकाळी कमी पडलेले 400 रुपये सर्वांत नव्या माणसाच्या नावावर लागतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही अशी कपात फक्त त्या माणसाच्या हलगर्जीपणामुळेच नुकसान झालं असेल आणि त्याला बाजू मांडायची संधी दिली असेल तरच करता येते. दुसरी गोष्ट, यूपीआयचे पैसे आल्याचा पुरावा म्हणजे दुकानातल्या स्पीकरचा आवाज किंवा मालकाच्या मोबाइलवरची नोंद. गिऱ्हाईकाने दाखवलेला स्क्रीनशॉट पुरावा नव्हे. खोटे स्क्रीनशॉट बनवणारी अ‍ॅप फिरतायत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अपेक्षित तेच झालं. "आज साडेआठपर्यंत थांब गं, फार गर्दी आहे." एकदा थांबलं की रोजचं होतं. तिने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे नकार द्यायला शब्द शोधावे लागले नाहीत: "28 नंतर थांबेन काका, आत्ता नाही. उद्याच्या 40 पिशव्या तयार करून ठेवल्यात." मालकांनी तोंड वाकडं केलं, पण पिशव्या तयार होत्या. कुठे जबरदस्ती झाली, पैसे अडवले, अंगाशी येण्याचा प्रयत्न झाला, तर 1098 हा बालकांसाठीचा क्रमांक अठराच्या आतल्या सर्वांसाठी आहे. हे मुलीला आणि आईला पहिल्या दिवशीच माहीत असावं.

हिशेब असा लागला. एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेर 65 दिवस भरले, 18,750 रुपये. बसला रोज 40 प्रमाणे 2,600 गेले. डबा घरचा. हातात 16,150. ठरवलेल्या 20,000 ला कमी पडले, आणि मार्चचे दोन आठवडे वाया गेले नसते तरी पडलेच असते. दिवसाला पाच तासांत एवढंच होतं. टॅलीचा क्लास दिवाळीपर्यंत पुढे ढकलला, फी भरली गेली.

हंगामी कामात शेवटचा पगार रखडतो. "पुढच्या आठवड्यात ये" असं तीनदा ऐकलं की मुलं नाद सोडतात. काम सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब द्यायचा, असं वेतन संहिता सांगते. व्यवहारात उपाय सोपा: जूनमध्ये मालकाला विचारून 15 तारखेला अर्धा पगार घ्यायला सुरुवात करायची, म्हणजे शेवटी अडकली तर रक्कम लहान राहते.

निघताना दुकानाच्या लेटरहेडवर चार ओळी घ्यायच्या: नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, काय काम (संच लावणे, साठ्याची नोंद, गरजेप्रमाणे बिलिंग), मालकांची सही, शिक्का आणि फोन. "मुलगी हुशार व मेहनती आहे" हे वाक्य नसलं तरी चालेल. तारखा आणि काम हवं. मालकांनी शनिवार-रविवार यायला सांगितलं. कॉलेजमध्ये जुलैत कमवा आणि शिका योजनेचे अर्जही निघतात, त्यात ग्रंथालय किंवा कार्यालयातलं काम कॉलेजच्याच आवारात मिळतं आणि बसभाडं वाचतं, पण तासांना मर्यादा असते. शिकाऊ उमेदवारीचा पर्यायही घरात निघाला. 2019 च्या नियमांत बारावी उत्तीर्णांना किमान 7,000 विद्यावेतन ठरलं होतं, मात्र ही उमेदवारी पूर्णवेळ असते, रोजच्या कॉलेजबरोबर जमत नाही. तिने दुकानातले शनिवार-रविवार धरले, या अटीवर की दर आता ताशी 65 राहील आणि दिवाळीच्या आधी बिलिंगच्या संगणकावर बसायला मिळेल.